दुपारची खाट

शाळेच्या आजारखोलीत खाट एकच होती, आणि मधल्या सुट्टीनंतर ती कोणाची, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. घंटा वाजायची, जिन्यांवरचा धुडगूस ओसरायचा, आणि दारात एक मुलगी येऊन उभी राहायची. बूट उंबऱ्याशी काढायची आणि म्हणायची, "सिस्टर, डोकं."

एवढंच. पुढचं बोलायची गरज नव्हती. सिस्टर खिडकीचा पडदा ओढायच्या, उशी उलटी करून तिची गार बाजू वर घ्यायच्या, आणि आठवीतली ती पोर भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची. वर्गात तिला 'पेंगूळ' म्हणत. कोणी ठेवलं हे नाव कोण जाणे, पण चिकटलं ते चिकटलंच. आता तिला स्वतःलाही त्याचं काही वाटत नसे.

सिस्टरांनी सुरुवातीला सगळं रीतसर पाहिलं होतं. ताप नाही. रक्तदाब ठीक. भिंतीवरच्या तक्त्यातली अगदी खालची, मुंगीएवढी अक्षरं तिने घडाघडा वाचून दाखवली. डबा खाल्ला का? खाल्ला. रात्री झोप झाली का? झाली. आईलाही बोलावून झालं. आई एका मोठ्या धुलाई केंद्रात इस्त्रीवर उभी असायची. कामावरून तशीच आली, हात चोळत बसली आणि म्हणाली, "घरी आली की तासाभरात टुणटुणीत होते हो. मला तर वाटतं, अभ्यास नको म्हणून सोंग."

"सोंग नाही," सिस्टर म्हणाल्या. खरंच दुखणारं डोकं आणि दुखतंय म्हणून सांगितलेलं डोकं यांतला फरक त्यांना कळत होता. पोरीचे ओठ सुकलेले असत, डोळ्यांखाली काळवंडलेलं असे, आणि कपाळावर हात ठेवला की ती असा श्वास सोडायची की जणू कोणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवलं. पण कारण मात्र हाताला लागत नव्हतं.

मग विश्रांती हेच औषध ठरलं. दुपारचे पहिले दोन तास गणिताचे आणि शास्त्राचे. ते खाटेवर जायचे.

खरं तर हेडमास्तरांनी नोकरी देतानाच बजावलं होतं, "पोरं वर्गात टिकली पाहिजेत, सिस्टर. बाकी मला काही नको. वर्गात बसलं तर डोक्यात काही जाईल, इथे पडून काय जाणार?" आणि सिस्टरांनी मान हलवली होती. शाळेत सिस्टर हवीच कशाला, ती आल्याने काय मार्क वाढणार आहेत का, अशी कुजबुज शिक्षकांच्या खोलीत होती, तीही त्यांच्या कानावर आली होती. त्यांनी मनावर घेतलं नाही. त्या काही मार्क वाढवायला आल्या नव्हत्या. घर खायला उठत होतं म्हणून आल्या होत्या.

नाना जाऊन तेव्हा जेमतेम एक हिवाळा उलटला होता. नाना म्हणजे वडील. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेला, आणि अंथरुणाला खिळल्यावरही पेन्सिल सुटली नाही. त्यांच्यासाठी सिस्टरांनी दवाखान्यातली चांगली नोकरी सोडली. कितीतरी वर्षं त्यांना वाटे, आपण अडकलो. नाना गेले त्या दिवशी कळलं, आपण अडकलो नव्हतो, बांधलेले होतो, आणि आता दोर सुटला तर जायचं कुठे हेच माहीत नाही. धाकटा भाऊ लांबच्या शहरातून फोन करायचा. "ताई, जेवलीस का?" "जेवले रे." खोटं. ओट्याशी उभ्यानेच काहीतरी पोटात ढकललेलं असायचं. ताट एकाच माणसासाठी वाढून घेणं त्यांना अजून जमत नव्हतं.

दवाखान्यात परत जायचा धीर झाला नाही. तिथे खाटाच खाटा. शाळेत एकच होती, आणि तीही लहान अंगाची.

तर पेंगूळ आडवी व्हायची, आणि अर्ध्या तासाने, दुखणं जरा सैल झालं की, भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलू लागायची. एकदा असंच तिने विचारलं, "सिस्टर, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

सिस्टर कापसाचे बोळे करत होत्या. हात थांबले नाहीत. "वडील असतात," त्या म्हणाल्या.

हे कसं तोंडून गेलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पण गेलं, आणि आकाश काही कोसळलं नाही. उलट पोरीने कूस बदलली, डोळे उघडले. "काय करतात?"

"आजारी असतात. पण वर्तमानपत्र हातात दिलं की पेन्सिल मागतात. चुका काढायच्या असतात त्यांना. काल तर औषधाच्या खोक्यावरच सुरू झाले. म्हणाले, ज्याला हे दोन ओळींचं धड छापता येत नाही, त्याने आतल्या गोळ्या काय धड केल्या असणार?"

पेंगूळ खुदकन हसली. डोकं दुखतंय हे विसरून हसली.

त्या दिवसापासून ते अंगवळणीच पडलं. "सिस्टर, काल काय म्हणाले नाना?" आणि सिस्टरांकडे सांगायला काय कमी होतं? वर्षानुवर्षांचं साठलेलं. नाना चहाला 'गरम पाण्याची अफवा' म्हणायचे. शेजारच्या काकू समाचाराला आल्या की झोपेचं सोंग घ्यायचे, आणि त्या उठल्या की एक डोळा उघडून विचारायचे, "गेलं का आकाशवाणी केंद्र?" सिस्टर सांगत गेल्या. सकाळी बसमध्ये बसल्या बसल्या त्या ठरवू लागल्या की आज कोणतं सांगायचं. घरातल्या बंद खोलीत जे नाना कुठेच सापडत नव्हते, ते दुपारी इथे, औषधाच्या कपाटाशेजारी, बोलू लागायचे. मधल्या सुट्टीची घंटा वाजली की सिस्टरांचे कान जिन्याकडे लागत. पोर जरा उशिरा आली तर जीव टांगणीला लागायचा, की आज डोकं दुखलं नाही की काय.

असा विचार मनात आला तेव्हा त्या एकदा स्वतःलाच दचकल्या होत्या. पण तेवढंच.

गणिताच्या बाई मात्र नुसतं दचकून सोडून देणाऱ्यांतल्या नव्हत्या. अंगाने भरदार, आवाज पटांगणाच्या पलीकडे जाणारा. एके दिवशी शाळा सुटल्यावर त्या खडूने पांढरे झालेले हात झटकत आत आल्या आणि खाटेवरच बसल्या. खाट कुरकुरली.

"अहो सिस्टर, माझा वर्ग हल्ली तुमच्याकडे भरतो वाटतं."

"तिचं डोकं खरंच दुखतं, बाई."

"दुखत असेल ना! मी कुठे नाही म्हणते? पण सहामाहीत गणित गेलं की तिला खालच्या तुकडीत टाकणार. ठरलंय तसं. आणि त्या तुकडीत शास्त्र नावालाच असतं. एकदा तिथे गेली की पुढे तिला कोणी विचारणार नाही." बाईंनी आवाज खाली आणला. त्यांचा खालचा आवाज म्हणजे इतरांचा नेहमीचा. "आणि मला तेच कळत नाही हो. आठवड्याच्या शेवटी अर्ध्या दिवसाची शाळा असते ना, तेव्हा मी सकाळीच गणित घेते. त्या दिवशी हीच पोरगी सगळ्यांच्या आधी हात वर करते. मी फळ्यावर लिहून पाठ फिरवते तोवर उत्तर तयार! डोकं गणिताचं आहे तिचं. पण सकाळचं आहे. दुपारी काय होतं, ते तुम्ही सांगा. तुम्ही शिकलात ते."

"सकाळी दुखत नाही?"

"चकार शब्द नाही."

बाई गेल्या. सिस्टर खुर्चीत तशाच बसून राहिल्या. सकाळी नाही, दुपारी. घरी गेल्यावर तासाभरात बरी. सुकलेले ओठ. त्यांनी कपाळावर हात मारला. रोग अवघड होता म्हणून नव्हे. सोपा होता म्हणून.

एक प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. शिकाऊ पोरीसुद्धा पहिल्या आठवड्यात शिकतात तो प्रश्न: पाणी किती प्यायलं, आणि लघवीला किती वेळा गेलं. नानांच्या खाटेशी त्यांनी तो सकाळ-संध्याकाळ विचारला होता. शेवटी शेवटी नाना चिडायचे, "तुला माझ्याशी दुसरं काही बोलायचं असतं की नाही?" आणि शेवटच्या दिवशी, नाना उत्तर देईनासे झाल्यावरही, त्या विचारतच राहिल्या होत्या. तेव्हापासून ते शब्द तोंडाला येत नव्हते. शाळेत आल्यापासून कोणत्याच मुलाला त्यांनी ते विचारलं नव्हतं. बाकीचं सगळं विचारायच्या आणि तिथे येऊन वळसा घालून पुढे जायच्या. स्वतःच्या लक्षातही येऊ न देता.

दुसऱ्या दिवशी पेंगूळ आली. "सिस्टर, डोकं."

सिस्टरांनी पडदा ओढला नाही. "बस आधी. सकाळपासून पाणी किती प्यायलीस?"

पोरीने पायाच्या बोटांकडे पाहिलं. "सकाळी दात घासल्यावर एक घोट."

"आणि नंतर?"

"नाही."

"अगं, बाटली असते ना दप्तरात?"

"असते. भरलेली असते. घरी गेल्यावर पिते एकदम."

"का गं?"

 उत्तर आलं ते भिंतीला सांगितल्यासारखं. "प्यायलं की जावं लागतं. तिथे कडी नाहीये. आतून पायाने दार दाबून धरावं लागतं. एकदा मी आत असताना दार उघडलं त्या मोठ्या वर्गातल्यांनी. मुद्दाम. सगळ्या हसत होत्या." ती थांबली. "म्हणून मी पीतच नाही. मग प्रश्नच नाही."

सिस्टर उठल्या. त्यांनी एक पेला भरला, त्यात चिमूटभर मीठ आणि साखर ढवळली, आणि तिच्या हातात दिला. "हळू. घोट घोट." मग आतल्या दाराकडे बोट केलं. आजारखोलीला स्वतःचं स्वच्छतागृह होतं. लहानसं, स्वच्छ, आतून भक्कम कडी असलेलं. "हे तुझं. रोज सुट्टीत इथे यायचं. बाटली इथेच रिकामी करायची, आणि जायचं असेल तर इथेच जायचं. कोणी दार उघडणार नाही."

पोरीचा चेहरा असा उजळला की सिस्टरांचा जीव भांड्यात पडला.

आठवडाभरात डोकं दुखायचं थांबलं. ओठ मऊ झाले. आजार संपला. पण पेंगूळ येत राहिली, कारण यायला सांगितलेलं होतं. पाणी प्यायची, आतल्या स्वच्छतागृहात जाऊन यायची, आणि खाटेच्या कडेवर पाय हलवत बसायची. "काल काय म्हणाले नाना?" सिस्टर सांगायच्या. सुट्टी संपल्याची घंटा व्हायची. दोघींनाही ऐकू यायची. पोर सिस्टरांकडे बघायची, आणि सिस्टर, गोष्ट अर्धवट राहिलीय या सबबीवर, बोलत राहायच्या.

गणिताच्या बाई दारातूनच म्हणाल्या, "काय हो, बरी झाली म्हणता ना? मग रोज अर्धा तास उशीर कसा? परीक्षा तोंडावर आली. आता कसलं औषध चाललंय?"

थट्टेच्या सुरातच म्हणाल्या आणि निघूनही गेल्या. त्यांना उत्तर नको होतं. सिस्टरांना मात्र कोणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. पोरीला खाटेची गरज उरली नव्हती. खाटेला पोरीची होती.

शाळा सुटल्यावर त्या मुलींच्या स्वच्छतागृहाकडे गेल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. आजारखोलीचं स्वतःचं असल्यावर इथे यायचं कारणच काय? ओळीने दारं होती. एकालाही कडी नव्हती. कड्यांच्या जागी नुसती भोकं. एका भोकात कोणीतरी दोरीचा तुकडा ओवून ठेवला होता, आतून धरायला. दोरी हातांनी काळी झाली होती. म्हणजे पेंगूळ एकटी नव्हती. आणखी किती पोरी कोरड्या घशाने दुपारचे तास ढकलत होत्या, आणि त्यांतल्या किती 'ढ' ठरून खालच्या तुकडीत गेल्या होत्या, कोण सांगणार?

शिपाईमामा झाडू आपटत म्हणाले, "कड्या? आजवर एका पोरीने तक्रार केली नाही."

"तुमच्याकडे कशाला करतील, मामा?"

मामांनी डोकं खाजवलं. "तेही खरंच. माझी पोरगी मलाही काही सांगत नाही."

हेडमास्तर तर पुरते गोंधळले. "कड्या नाहीत? मला कसं कळणार हो, मी थोडाच तिकडे जातो! पण सिस्टर, हे तुमच्याकडे कसं आलं?"

"डोकेदुखी म्हणून आलं," सिस्टर म्हणाल्या.

कड्या बसल्या. मामांनी स्वतः बसवल्या, आणि प्रत्येक बसवल्यावर आत जाऊन, लावून, "लागली!" असं ओरडून सांगितलं. एक दार थोडं घासायचं, तेही तासून दिलं. आता राहिलं होतं ते काम सिस्टरांचं.

दुसऱ्या दिवशी पेंगूळ आली, बाटली रिकामी केली आणि आतल्या दाराकडे निघाली.

"थांब," सिस्टर म्हणाल्या. "आजपासून तिकडेच जायचं. कड्या बसल्यात."

"मला इथलं आवडतं."

"माहीत आहे. पण इथे आलीस की तास बुडतो. आणि तो मीच बुडवते."

पोरीला ते कळलं की नाही, कोण जाणे. ती खाटेच्या कडेवर बसली. "बरं. पण काल काय म्हणाले, तेवढं सांगा. मग जाते."

आता घंटा व्हायला थोडाच वेळ होता. सिस्टरांनी कपाटाचं दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"नाना नाहीत," त्या म्हणाल्या. "तू पहिल्यांदा इथे आलीस ना, त्याच्याही आधी गेले."

पेंगूळचे हलणारे पाय थांबले. ती बघत राहिली. "मग ते सगळं? चहाचं? आकाशवाणी केंद्राचं?"

"ते म्हणाले होते. सगळं खरंच म्हणाले होते. फक्त काल नाही."

बाहेर पटांगणात चेंडू भिंतीवर आपटत होता. पोरीने विचार केला. मग अगदी हळू विचारलं, "तुम्ही घरी एकट्याच असता?"

"हो."

"रात्री पण?"

"रात्री पण."

घंटा झाली. या वेळी सिस्टरांनी स्वतः दार पूर्ण उघडलं. "जा. बाईंनी फळ्यावर लिहायला घेतलं असेल." पेंगूळ उठली, बूट घातले, नाडी बांधायला वेळ लावला. काहीतरी म्हणायचं होतं तिला, पण त्या वयात अशा वेळचे शब्द नसतात. मोठ्यांकडेही कुठे असतात? ती दोन पायऱ्या चढली, वळून बघितलं, आणि मग धावत गेली.

त्यानंतर ती आली नाही. येऊ नये म्हणूनच तर सगळं केलं होतं. तरी रोज सुट्टी संपली की सिस्टरांचे कान जिन्याकडे लागतच. कोणी गुडघा फोडून यायचं, कोणाच्या नाकातून रक्त यायचं. मलमपट्टी होई, पोरं परत जात. खाटेवर कोणी झोपत नसे.

सहामाहीचा गणिताचा पेपर दुपारी होता. त्या दुपारी सिस्टरांनी काहीच हातात घेतलं नाही. पोर उठून आली तर? भीतीने खरंच डोकं धरलं तर? दारापाशी खुर्ची ओढून त्या बसल्या, आणि मनात एक गोष्ट लख्ख उभी राहिली की ती यावी असं अजूनही वाटतंय, आणि येऊ नये असंही, आणि दोन्ही तितकंच. जिन्यावर कोणाची तरी पावलं वाजली. शिपाईमामा कोऱ्या पुरवण्या घेऊन वर गेले. मग कोणीच नाही. शेवटची घंटा झाली आणि दोनशे पायांचा लोंढा खाली आला. त्या लोंढ्यात पेंगूळ होती. दोन मैत्रिणींच्या मधोमध, हातवारे करत, एकीशी कुठल्यातरी उत्तरावरून भांडत. "अगं वर्ग नाही करायचा तिथे, वर्गमूळ काढायचं!" भांडता भांडता ती आजारखोलीवरून पुढे गेली. तिने दाराकडे पाहिलं नाही. भांडणच तसं रंगात आलं होतं.

निकाल गणिताच्या बाईंनी आणला. "काठावर नाही हं, चांगली पास झालीय! त्याच तुकडीत राहतेय. शेवटच्या गणितात एक हातचा विसरली, नाहीतर पहिल्या पाचांत होती. कान उपटलेत मी तिचे." मग काहीतरी आठवून थांबल्या. "तुम्हाला सांगायला आली का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

"कार्टी!" बाई म्हणाल्या. "बरी झाली की विसरतात हो."

"विसरायलाच हवं," सिस्टर म्हणाल्या, आणि हसल्या. बाईंना तास होता. त्या गेल्या.

पटांगणाच्या पलीकडून थोड्याच वेळात त्यांचा आवाज येऊ लागला. समीकरणाच्या दोन्ही बाजू कशा सारख्या ठेवायच्या, ते त्या खणखणीत सांगत होत्या. मध्येच त्यांनी प्रश्न विचारला. एका मुलीचा आवाज आला. इतक्या लांबून शब्द कळत नव्हते आणि आवाज कोणाचा तेही सांगता येत नव्हतं. "बरोबर!" बाई गरजल्या. सिस्टरांनी खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला, खुर्ची खिडकीशी घेतली, आणि तास संपेपर्यंत ऐकत बसल्या.